टायरची आतली कड

फुटलेला टायर त्यांनी सिमेंटच्या पोत्यात घालून आणला. पुढे विमा कंपनीचा सर्व्हेअर आणि मागे पोतं उचललेला फरशीच्या दुकानाचा मालक. चाकं सरळ करून देणाऱ्या आमच्या दुकानात रॅम्पशेजारी मालकाने पोतं उलटं केलं, तसा टायर बाहेरची बाजू वर करून जमिनीवर आडवा पडला. त्या बाजूने पाहिलं तर कोणीही म्हणालं असतं, अजून वर्षभर सहज चालेल. नक्षी खोल होती, कडा शाबूत होत्या. मामाने बुटाच्या टोकाने तो पालथा केला. आतल्या कडेला रबर उरलंच नव्हतं. चार बोटं रुंदीची गुळगुळीत पट्टी, तिच्यातून वर आलेल्या तारा, आणि एके ठिकाणी अख्खा हात जाईल एवढी फाटलेली भेग.

"आईशप्पथ," मामा म्हणाला.

"गाडीचं अलाइनमेंट तुमच्याकडे झालंय," सर्व्हेअर म्हणाला. "त्याचा कागद हवाय."

मी काचेच्या केबिनमध्ये जाऊन कॉम्प्युटरमधून कागद काढला. सात महिन्यांपूर्वीची तारीख, गाडीचा नंबर, चारही चाकांचे आकडे. सगळे हिरव्या चौकटीत. खाली 'तपासणारी व्यक्ती' या रकान्यात माझी सही.

सर्व्हेअरने कागद वाचला आणि समाधानाने मान हलवली. "म्हणजे गाडी सरळ होती. मग टायर आतून खाल्ला जायचं कारण एकच. गाडी खड्ड्यांत आपटली, फुटपाथवर चढवली आणि रोजची तपासणी केली नाही. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा."

"कासव आणि निष्काळजी?" मामा हसलाच. "साहेब, तो माणूस घरात चालतानासुद्धा आरसा बघून वळतो."

"वेगाबद्दल बोलत नाही मी. टायरच्या तारा बाहेर आलेल्या ड्रायव्हरला दिसू नयेत?"

मालक म्हणाला, "मी त्याला कामावरून थांबवलंय. पोलिसांनाही हेच सांगितलंय. माणूस मेलाय, मामा."

हे चार दिवसांपूर्वी घडलं होतं. सकाळी अकराच्या सुमारास फरश्यांनी भरलेली पिकअप दवाखान्यासमोरचा उतार उतरत होती. पुढचा डावा टायर फुटला, गाडी डावीकडे ओढली गेली आणि फुटपाथवर चढली. तिथे चाव्या बनवणारा एक माणूस घडीच्या स्टुलावर बसलेला असायचा. तो जागीच गेला.

गाडी चालवत होते कासवकाका. हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं ड्रायव्हरकी करूनही ज्याला एकदाही दंड झाला नाही, अशा माणसाला इतर ड्रायव्हरांनी दिलेलं ते बक्षीस. ते रोज सकाळी गाडीभोवती एक चक्कर मारत. खुणेची रेघ ओढलेली काडीपेटीतली काडी टायरच्या नक्षीत खुपसून किती रबर उरलंय ते बघत. बाकीचे ड्रायव्हर चहा पिता पिता ओरडत, "कासवा, ताप मोजून झाला असेल तर निघू या का?" काका काडी खिशात ठेवून म्हणत, "तुम्ही व्हा पुढे. शर्यत कोण जिंकतं ते शाळेत शिकलात ना?"

ते काडी अर्थातच बाहेरच्या बाजूने खुपसत. उभ्या माणसाला टायरची बाहेरचीच बाजू दिसते. आतली बघायची तर स्टिअरिंग पूर्ण वळवून, गुडघे टेकून, मडगार्डखाली डोकं घालावं लागतं. ते कोणी करत नाही.

सर्व्हेअर आणि मालक टायर आमच्याकडेच टाकून गेले. त्याचे फोटो आणि मोजमापं झाली होती. पण मला मात्र त्याच्यावरून नजर काढता येईना. कारण असा टायर मी पहिल्यांदा बघत नव्हते.

मी या दुकानात आठ महिन्यांपूर्वी आले. भौतिकशास्त्राची पदवी हातात होती, नोकरी नव्हती, आणि मामाला स्क्रीनवरचे आकडे वाचणारं माणूस हवं होतं. तोवर तो सगळं डोळ्यांनी आणि दोरीने करत असे. मशीन घेतल्यावर त्याने दोरी खिळ्याला टांगली आणि मला खुर्ची दिली. "सायन्स, ये, बस," असं म्हणून. तेव्हापासून माझं नाव सायन्स.

काम सोपं आहे. चारही चाकांना पंजे लावायचे. पंज्यांवरच्या पाट्या समोरच्या कॅमेऱ्यांना दिसतात आणि चाक किती वाकडं आहे ते स्क्रीनवर उमटतं. मर्यादेत असेल तर आकडा हिरवा, नाहीतर लाल. मग गाडीखाली जाऊन टाय रॉड, म्हणजे चाकाला वळवणारी दांडी, पान्याने फिरवायची आणि लालाचं हिरवं होईपर्यंत फिरवत राहायची.

पहिल्याच दिवशी मामाने मला उभं करून शिकवलं होतं. "पायांचे अंगठे आत वळव. हां. आता बाहेर फाकव. असं चालून दाखव बरं. बदक दिसतेस की नाही? चपलेची कुठली बाजू झिजेल सांग. बस, यालाच टो म्हणतात. झालीस तू इंजिनीअर."

वर्षभरापूर्वी त्या पिकअपचं नवं मॉडेल आलं होतं. तोंड बदललं होतं, आतल्या गाद्या मऊ झाल्या होत्या आणि पुढच्या चाकांना जुन्या पोलादी पट्ट्यांच्या कमानींऐवजी कारसारख्या वळ्यांच्या स्प्रिंगा आल्या होत्या. ड्रायव्हर खूश होते. पण पंधरा हजार किलोमीटरच्या आत पुढचे टायर आतून साफ व्हायला लागले. जुन्या गाडीचे पन्नास हजार चालायचे. "कंपनीने टायर नाही, खोडरबर लावलेत," असं एक जण म्हणाला आणि तेच सगळ्यांच्या तोंडी झालं. कंपनीकडे तक्रारी गेल्या. कंपनी म्हणे, हवा कमी ठेवता, माल जास्त भरता. ड्रायव्हर म्हणत, नाचता येईना अंगण वाकडं.

मामाचं मत पक्कं होतं. प्रत्येक नवी पिकअप रॅम्पवर चढली की स्क्रीन लाल व्हायची. दोन्ही पुढची चाकं आत वळलेली, चांगली पाच मिलिमीटर. "बघ, कारखान्यातूनच वाकडी सोडतात," मामा म्हणायचा. "पोरांना आणि गाड्यांना वळण लहानपणीच लावावं लागतं." मग तो स्वतः खाली जाऊन ती सरळ करायचा. दुकानाबाहेर पाटीच होती: 'नव्या पिकअपची तपासणी मोफत. कंपनीची चूक आम्ही सुधारतो.'

मला या प्रकरणाचं कुतूहल होतं, म्हणून मी एक वही ठेवली होती. झिजलेला टायर आला की तीन ठिकाणी रबराची खोली मोजायची: बाहेर, मध्ये, आत. किलोमीटर, हवेचा दाब, गाडीत काय भरतात, हेही लिहायचं. एकोणीस गाड्यांच्या नोंदी झाल्या होत्या. हवेचा संबंध दिसत नव्हता. मालाचा थोडासा दिसत होता. मी वही मिटून ठेवायचे आणि म्हणायचे, नोंदी अजून कमी आहेत.

टायर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी कासवकाका दुकानात आले. दाढी वाढलेली. नेहमी बसायचे त्या बाकावर न बसता टायरपाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि त्या भेगेत हात घालून बघत राहिले.

"कासवा, ऊठ," मामा म्हणाला. "चहा घे."

"मामा, हे किती दिवसांचं असेल?"

"कशाला विचारतोस?"

"मला दिसायला हवं होतं का? तेवढं सांग."

मामाने चहाचा कप बाकावर ठेवला. काका माझ्याकडे वळले. "ताई, तू शिकलेली आहेस. तू मोजतेस, लिहितेस. मी रोज बघत होतो. देवाशपथ रोज. मग माझ्याकडून काय बघायचं राहिलं? पोलीस म्हणतात मी मारला. मालक म्हणतो मी मारला. घरी कोणी काही म्हणत नाही, पण ताट पुढे सरकवताना बायको माझ्याकडे बघत नाही. मी मारला असेल तर मी कबूल करतो, मला चालेल. पण मला कळायला तरी हवं."

"काका, मी शोधते," मी म्हणाले. माझ्या मनात तेव्हा कंपनीच होती. वीस नोंदी झाल्या की कंपनीला पत्र लिहू, कंपनीची चूक सिद्ध झाली की काका सुटतील, असा सरळ हिशेब होता.

विसावी गाडी तीन दिवसांनी आली. पंक्चर काढायला. तिचा मालक म्हणजे भाजी वाहणारा एक महाबेफिकीर माणूस. गाडीचा एक दिवा फुटलेला, दार सुतळीने बांधलेलं, आणि गाडी कधी धुतली असेल तर ती पावसाने. मी सवयीने पुढच्या टायरची आतली कड मोजायला गेले आणि दोनदा मोजली. बाहेर सहा मिलिमीटर, मध्ये सहा, आत साडेपाच.

"टायर कधी बदललेत?" मी विचारलं.

"छे! गाडीबरोबर आलेलेच आहेत."

मीटरवर अडतीस हजार होते.

"अलाइनमेंट कुठे करून घेता?"

"अलाइनमेंट?" तो मोठ्याने हसला. "अहो ताई, गाडी सरळ चालते. चालत्या गाडीला कशाला हात लावायचा? मी तर बाबा सर्व्हिसिंगलाही नेत नाही. ते एक ठीक करतात आणि तीन बिघडवतात."

मी त्याला गाडी रॅम्पवर चढवायला लावली. पंजे लावले. स्क्रीन लाल झाली. चाकं पाच मिलिमीटर आत वळलेली, कारखान्यातून आली तशी. मामाने लांबूनच बघितलं. "वाकडी आहे. खाली उतरून करून टाकतो."

"नको," मी म्हणाले. "हात लावू नकोस."

"का?"

ज्या गाडीला कोणीच हात लावला नव्हता तिचे टायर चांगले होते. माझ्या वहीत एकोणीस नोंदी होत्या आणि किलोमीटर, हवा, माल असे सगळे रकाने होते. 'अलाइनमेंट कुठे केलं' हा रकाना मी आखलाच नव्हता, कारण त्याचं उत्तर सगळ्यांचं एकच होतं. आमच्याकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

भाजीवाला गेल्यावर मी मशीनसमोर बसले आणि अगदी पहिल्या पायरीपासून सगळं परत बघितलं. पहिल्या पायरीला मशीन विचारतं, गाडी कोणती? मग यादी उघडते. यादीत ती पिकअप होती, पण नव्या मॉडेलच्या आदल्या वर्षापर्यंतची. नवं मॉडेल यादीत नव्हतंच. मला तो दिवस आठवला. पहिली नवी पिकअप आली तेव्हा मी मामाला विचारलं होतं, यातली कोणती घेऊ? मामा गाडीखालून म्हणाला होता, "शेवटची घे. तीच आहे, तोंड तेवढं बदललंय." मी बटण दाबलं होतं. त्यानंतर दर वेळी मी तेच दाबत आले. पुढच्या स्प्रिंगा पूर्ण वेगळ्या आहेत हे मला रोज डोळ्यांनी दिसत होतं. हिरवा रंग कोणत्या गाडीसाठी हिरवा आहे, हे पदवी घेतलेल्या मुलीने विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

नव्या मॉडेलचं सर्व्हिसचं पुस्तक मला दोन दिवसांनी मिळालं. दोनशे बाराव्या पानावर एक ओळ होती. पुढची चाकं, रिकामी गाडी: पाच मिलिमीटर आत.

म्हणजे ती कारखान्याने मुद्दाम तशी केलेली होती. का, ते बघायला मी ओळखीच्या एका ड्रायव्हरची पिकअप मागून घेतली. आमच्याकडेच सरळ केलेली, कागदावर हिरवी. रॅम्पवर चढवून तिच्यात भंगारातल्या जुन्या डिस्क, मेलेल्या बॅटऱ्या, लोखंडी तुकडे भरत गेले आणि दर शंभर किलोंना आकडा लिहीत गेले. वजन वाढलं, पुढचं बूड बसलं आणि चाकं हळूहळू बाहेर फाकत गेली. हजार किलोंना पाच मिलिमीटर. कारखान्याने आत वळवून पाठवलेली चाकं माल भरल्यावर बरोबर सरळ व्हावीत, असं ते गणित होतं. आम्ही ती रिकामी असतानाच सरळ करत होतो. मग माल भरला की बदकासारखी फाकणार. दोन्ही सारखीच फाकत असल्यामुळे गाडी कुठल्याच बाजूला ओढत नाही, ड्रायव्हरला हातात काहीही जाणवत नाही. मी आकडेमोड केली. एका किलोमीटरमागे प्रत्येक चाक जवळजवळ चार मीटर आडवं घासत जात होतं. आतल्या कडेवर.

बाहेर गेलेला मामा परत आला तेव्हा गाडी रॅम्पवरच होती. मी त्याला सगळं सांगितलं. पुस्तकाचं पान दाखवलं. तो पान न वाचता माझ्याकडेच बघत होता.

"म्हणजे कंपनीने गाडी वाकडी पाठवली ते बरोबर, आणि मी सरळ केली ते चूक?"

"रिकामी असताना सरळ केली ते चूक."

"तीस वर्षं, सायन्स. तुझ्या जन्माआधीपासून मी चाकं सरळ करतोय. तू मला वाकडं-सरळ शिकवणार?"

"मी नाही शिकवत. स्क्रीन बघ."

"तुझी स्क्रीन!" तो ओरडला. "याच स्क्रीनने सांगितलं ना हिरवं म्हणून? तेव्हा खोटं बोलत होती आणि आता खरं बोलते?"

मामा भिंतीपाशी गेला आणि खिळ्यावरची दोरी काढली. धुळीने ती राखाडी झाली होती. त्याने ती झटकली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि मागच्या चाकाकडे बोट दाखवलं. मी दोरी मागच्या चाकाच्या मध्यावर धरली. मामाने ती ताणत पुढे नेली, पुढच्या चाकाच्या पलीकडे जाऊन घट्ट धरली आणि एक डोळा मिटला. चाक सरळ असेल तर दोरी त्याच्या मागच्या आणि पुढच्या कडेपासून सारख्या अंतरावर हवी. मागे काडीपेटीतली काडी जाईल एवढी फट होती. पुढे नखही जात नव्हतं.

त्याने दुसऱ्या बाजूला जाऊन तेच केलं. मग मला गाडीतलं सगळं वजन उतरवायला लावलं, स्वतःही उतरवू लागला, घामाने शर्ट पाठीला चिकटला तरी थांबला नाही. रिकाम्या गाडीला परत दोरी लावली. दोन्हीकडे फट सारखी.

मामा रॅम्पच्या कडेवर बसला. दोरी त्याच्या हातातच होती.

"किती गाड्या झाल्या आपल्याकडे?" त्याने विचारलं.

"सत्तावीस. कासवकाकांची धरून."

"पाटी बघून आले सगळे."

"हो."

"तो बिचारा तर रांगेत उभा राहिला होता. म्हणाला, मामा, नवी गाडी आहे, आधी तुमच्या नजरेखालून जाऊ दे."

मामाने दोरी गुंडाळून बाजूला ठेवली. मग तो म्हणाला, "लिही. पोलिसांना द्यायचं तसं लिही. काय झालं, कसं झालं. माझी सही घे. तुझी नको."

"कागदावर माझीच सही आहे, मामा. बटण मी दाबलंय."

"दाब म्हणून मी सांगितलं."

"तरी मीच दाबलंय."

शेवटी दोन्ही सह्या झाल्या. दीड पानाचं निवेदन, सोबत भाजीवाल्याच्या गाडीसकट सगळ्या मापांचा तक्ता आणि पुस्तकाच्या पानाची प्रत. मामाने ते एका वकिलाला दाखवलं. वकील म्हणाला, यात तुम्ही स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून घेताय. मामा म्हणाला, ड्रायव्हर सुटेल का ते सांगा. वकील म्हणाला, सुटायला हवा. रोज बाहेरून तपासणारा माणूस आणि हातात सगळं ठीक असल्याचा छापील कागद. त्याने अजून काय करायचं होतं?

निवेदन पोलिसांकडे दिलं त्याच दिवशी दुपारी मी एक प्रत घेऊन कासवकाकांना बोलावलं. मला वाटत होतं, मी त्यांच्यासाठी काहीतरी चांगलं घेऊन बसले आहे. त्यांनी चष्मा लावून अख्खं वाचलं, ओठ हलवत, तक्त्यातला एकेक आकडासुद्धा. मामा समोर उभा होता, हात मागे बांधून, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"मला माफ कर म्हणायचं तोंड नाही माझं," मामा म्हणाला.

काकांनी मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही. मग मला विचारलं, "ताई, मी गाडी इथे आणलीच नसती तर?"

मी उत्तर तयार ठेवायला हवं होतं. म्हणता आलं असतं की दुसऱ्या कुठल्या दुकानाने हेच केलं असतं. कदाचित ते खरंही असेल. पण प्रश्न सरळ होता आणि मला त्याचं उत्तर ठाऊक होतं.

"तर टायर आज चांगला असता."

"त्या भाजीवाल्यासारखा."

"हो."

"तो तर दाराला सुतळी बांधतो." काकांनी चष्मा काढला. "म्हणजे मी काळजी घेतली म्हणून झालं."

"काका, तसं नाही..."

"तसंच आहे. तू लिहिलंयस की इथे." ते चिडलेले नव्हते. एखादं कोडं सुटल्यावर माणूस बोलतो तसे बोलत होते. "मालकाने सांगितलं नव्हतं गाडी आण म्हणून. माझी सुट्टी होती त्या दिवशी. मी घरून निघून, गाडी काढून, दोन तास रांगेत बसून करून घेतलं. चला. कळलं."

ते उठतील असं मला वाटलं. ते उठले नाहीत. "बाकीच्या सव्वीस?" त्यांनी विचारलं.

सकाळपासून आमचं तेच चाललं होतं. वहीत आणि मशीनमध्ये सगळ्यांचे नंबर होते. मी आणि मामाने मिळून नऊ फोन केले होते. दोघांनी उचलला नाही. तिघे म्हणाले, आठवड्यात जमलं तर येतो. एकाने विचारलं, "काय मामा, नव्या टायरांचा स्टॉक आला वाटतं?" एक म्हणाला, "तुम्हीच सरळ केली ना? मस्त पळतेय, लोण्यासारखी. तुमच्या हाताला तोड नाही." मी त्याला मिलिमीटर समजावत राहिले आणि त्याने मध्येच फोन ठेवला. फक्त दोघांनी खाली उतरून बघितलं. त्यातल्या एकाच्या टायरच्या तारा दिसत होत्या.

"यातल्या रस्त्यावर किती असतील आत्ता?" काकांनी घड्याळाकडे बघितलं. दुपारचे तीन वाजले होते.

"जवळजवळ सगळ्या," मी म्हणाले.

"भरलेल्या." त्यांनी हात पुढे केला. "यादी दे. फोन दे."

पहिला फोन त्यांनी एका बाटलीबंद पाणी वाहणाऱ्याला केला. "अरे, मी कासव बोलतोय. गाडी बाजूला घेऊन पुढच्या टायरची आतली बाजू बघ जरा. माझा टायर आतून गेला होता, मला कळलंच नाही." पलीकडचा हसत काहीतरी बोलला. काका म्हणाले, "हो, हो, माहीत आहे मी हळू चालवतो ते. तरी बघ." त्याने संध्याकाळी बघतो म्हणून सांगितलं.

काका थोडा वेळ फोनकडे बघत बसले. दुसऱ्याला ते म्हणाले, "माझा टायर फुटला, त्यात एक माणूस गेला." त्या ड्रायव्हरला बातमी ठाऊक होती, पण गाडी कोणाची ते ठाऊक नव्हतं. तो पंधरा मिनिटांनी बघतो म्हणाला, पुढे पेट्रोल पंप आहे तिथे. काकांनी यादीवर त्याच्यापुढे '१५' लिहिलं. तिसऱ्याला ते म्हणाले, "माझ्या हातून एक माणूस मेला." तो पाच मिनिटांत थांबतो म्हणाला. काकांनी '५' लिहिलं.

मी ते आकडे बघत होते आणि काका काय करत आहेत ते मला कळत होतं. मामाला कळलं की नाही माहीत नाही. त्याने एकदा मधेच म्हटलं, "कासवा, असं कशाला म्हणतोस? कागदात लिहिलंय तुझी चूक नाही म्हणून." काकांनी हाताने त्याला गप्प केलं आणि पुढचा नंबर लावला.

"कोण बोलतंय?" पलीकडून विचारणा झाली. मागे इंजिनचा आवाज होता, चढावावरचा, भरलेल्या गाडीचा.

यावेळी काकांनी नावसुद्धा सांगितलं नाही.

"मी माणूस मारलाय," ते म्हणाले. "आहेस तिथे गाडी थांबव आणि खाली उतर."

पलीकडे हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. काकांनी यादीवर शून्य लिहिलं आणि पुढच्या नंबरावर बोट ठेवलं.